आदामाची फासळी आणि शरीररचनेचा इतिहास

तुकईथड परिसरातील धर्मशिक्षकांच्या वर्गात उत्पत्तीचा दुसरा अध्याय चालू असता एका वृद्ध शिक्षकांनी आम्हांस विचारले, "फादर, पुरुषाला एका अंगास एक फासळी कमी असते ना?" अनेक वर्षे ते मुलांना तसेच शिकवीत आले होते. आम्ही नाही म्हटले. परंतु हे साधे उत्तर मिळण्यास मानवजातीला किती शतके लागली, ते त्या दिवशी सांगावयाचे राहिले.

आपल्या देशात या विद्येचा आरंभ फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेताची परीक्षा कशी करावी हे सांगितले आहे. विषाने न मेलेल्या, दीर्घ आजाराने न खंगलेल्या माणसाचे शरीर घ्यावे, ते मुंज, कुश, ताग इत्यादींनी वेष्टून पिंजऱ्यात ठेवावे, आणि तो पिंजरा आडबाजूस वाहत्या पाण्यात बुडवावा. सात रात्रींनंतर वाळा, केस वा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर हलकेच घासून काढीत डोळ्यांनी पाहावे. शस्त्र न लावता शरीर उलगडण्याची ही युक्ती पाहून तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आम्हांस नवल वाटते. वेदवादी हाडे ३६० मानतात, शल्यतंत्रात मात्र ३००, असेही तेथे नोंदले आहे. आजची गणना २०६ आहे. दात व कूर्चा वेगळ्या धरल्या की हे अंतर बरेच कमी होते. पुढे मात्र प्रेतस्पर्शाचा विटाळ प्रबळ झाला. ग्रंथ पाठ होत राहिला, पिंजरा कोणी पाण्यात सोडीना.

पश्चिमेची कथा याहून फारशी निराळी नाही. दुसऱ्या शतकातील गॅलेनने माकडे व डुकरे चिरून जे लिहिले, ते तेराशे वर्षे माणसाचे म्हणून शिकविले गेले. पोप आठवा बोनिफास याने १२९९ मध्ये शवविच्छेदनास बंदी घातली, असा आक्षेप आपल्याला अजून ऐकावा लागतो. त्याचा हुकूम दूरदेशी मेलेल्यांची शरीरे उकळून हाडे मायदेशी नेण्याच्या प्रथेविरुद्ध होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोलोन्या येथे मोंदिनो विद्यार्थ्यांसमोर प्रेते उघडून शिकवीत होता. १५४३ मध्ये वेसेलियसने आपला महाग्रंथ छापला व गॅलेनच्या कितीतरी चुका दाखविल्या. त्यातच त्याने लिहिले की, स्त्रीपुरुषांच्या फासळ्या सारख्याच असतात. म्हणजे आमच्या शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच छापून झाले होते!

आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर मराठी जपणारी एक जागा म्हणजे तंजावर. तेथील राजा दुसरा सरफोजी (१७७७–१८३२) याच्या शिक्षणाकडे श्वार्ट्झ या लुथरन मिशनऱ्याने पित्याच्या मायेने लक्ष दिले. राजा आपल्या धर्मात राहिला, आणि १७९८ साली गुरू निवर्तल्यावर त्याने तंजावरच्या चर्चसाठी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करविले. त्याला शरीररचना शिकावयाची होती. पण हाडांचा स्पर्श राजवाड्यात चालणारा नव्हता. म्हणून त्याने इंग्लंडहून हस्तिदंती सांगाडा मागविला, असे त्यास भेटलेल्या लॉर्ड व्हॅलेन्शियाने नमूद केले आहे. हस्तिदंत हाही मेलेल्या प्राण्याचा अवयवच, हे राजास ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही. ज्ञानाची ओढ आणि लोकांच्या भावना यांमधून त्याने वाट काढली. ती हसण्याजोगी नाही.

१८३६ मध्ये कलकत्त्यास मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर शस्त्र चालविले. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या आठ पदवीधरांत भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले आत्माराम पांडुरंग होते, पारशी होते, आणि गोमिश, कार्व्हालो व लिस्बोआ हे ख्रिस्ती होते. प्रत्येकाच्या घरी प्रेताविषयी वेगळा धाक असेल, परंतु विच्छेदनाचे टेबल एकच होते.

त्या टेबलावर कोण निजले होते, हे मात्र कोणी लिहिले नाही. वेसेलियसकडे फाशी गेलेल्यांची प्रेते येत. आपल्याकडे १९४९ चा मुंबई शरीररचना कायदा झाला तो बेवारस प्रेतांसाठी. ज्यांचे नाव घेऊन रडणारे कोणी नव्हते त्यांच्याकडून आपण आपली हाडे मोजण्यास शिकलो. देहदानाविषयी कोणी विचारावयास आले, तर धर्मगुरूंनी ही बाजूही त्यांच्यापुढे ठेवावी.

आता मूळ वचनाविषयी. तेथील हिब्रू शब्द 'त्सेला' निर्गम ग्रंथात कराराच्या कोशाच्या व निवासमंडपाच्या 'बाजू'साठी येतो. त्यामुळे आदामाची 'बाजू' असाही अर्थ काही अभ्यासक घेतात. शिवाय एखाद्याचे बोट तुटले म्हणून त्याच्या लेकरांना एक बोट कमी असत नाही. पुढच्या वर्गात आम्ही सर्वांना स्वतःच्या फासळ्या मोजावयास लावणार आहो. प्रत्येक बाजूस बारा. क्वचित एखाद्यास अधिकउणी. शेवटच्या दोन पुढे कोठेच जोडलेल्या नसल्यामुळे बोटांना सहसा लागत नाहीत, हे शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावे. नाहीतर मुले दहावरच थांबतील.