शिवण नसलेले अस्वल आणि न मोजलेला वेळ

१/ बाजारातला स्वेटर बहुधा यंत्रावर विणलेला असतो. क्रोशाचे तसे नाही. क्रोशाचा खरा टाका हुबेहूब घालणारे यंत्र आजही कारखान्यांत वापरात नाही. त्यामुळे जगात कोठेही विकले जाणारे क्रोशाचे खेळणे कोणाच्या तरी हातांनीच विणलेले असते. त्या हातांच्या वेळेचा हा इतिहास. वाटेत आपली कामठीही लागते. 🧵

२/ 'क्रोशे' हा फ्रेंच शब्द; अर्थ लहान आकडा. दोन सुयांच्या विणकामात अनेक टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात एकेक टाका पूर्ण करून पुढे जायचे. याच्या छापील नमुन्यांचा जुना पुरावा 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात, १८२३ साली सापडतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८२१ मध्ये, कन्हान नदीकाठी इंग्रजांनी कामठीची छावणी वसवली होती.

३/ अशा छावण्यांतील गोऱ्या कुटुंबांबरोबर आणि मिशनच्या शाळांबरोबर युरोपीय सुईकाम हिंदुस्थानात पसरले. पुढे मराठी घरांत क्रोशाची तोरणे आली, ताटावरचे रुमाल आले. साखळी आणि खांब हे शब्द मराठी बायकांनी आपलेसे केले. पण या कामाला एक विशेषण कायमचे चिकटले: 'फावल्या वेळचे'. खरी अडचण याच शब्दात दडलेली आहे.

४/ आयर्लंड पाहा. १८४५ पासून बटाट्याचे पीक सडले आणि भीषण दुष्काळ पडला. जोगिणींनी व सधन स्त्रियांनी उपाशी कुटुंबांना क्रोशाची लेस शिकवली. कामाची वाटणी झाली: एकीने गुलाब विणायचे, दुसरीने पाने, तिसरीने ते सारे जाळीत जोडायचे. कित्येक घरे या लेसवर तगली. मात्र किंमत ठरवली ती व्यापाऱ्यांनी.

५/ आता आंध्रातील नरसापूर. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी लेसकाम रुजवले. १९८२ मध्ये समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे: लेस परदेशी जाते, व्यापारी श्रीमंत होतो आणि विणणारी मात्र 'घरी बसलेली गृहिणी' म्हणूनच ओळखली जाते. कामगार मानलेच नाही, म्हणून मजुरीही कामगाराची नाही.

६/ मग खेळणी आली. जपानी भाषेत 'आमि' म्हणजे विणलेले आणि 'नुइगुरुमि' म्हणजे कापूस भरलेली बाहुली; दोन्ही मिळून 'आमिगुरुमि'. कामठीकरांना जपान म्हटले की १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस आठवते. साधारण त्याच सुमारास, एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, ही इवलीशी खेळणी जपानबाहेर जगभर पोहोचू लागली.

७/ रचना सोपी. दोऱ्याच्या फाशात सहा टाके घालायचे आणि गोल गोल विणत जायचे: सहाचे बारा, बाराचे अठरा. टाके वाढवले की गोळा फुगतो, घटवले की मिटतो. एका अस्वलाचे आठ भाग: डोके, धड, दोन हात, दोन पाय, दोन कान. म्हणजे शेवटी सात जोड शिवायचे. विणणाऱ्या बहुतेकांना नकोसे वाटते ते हेच काम. शिवण सैल राहिली, तर मुलाच्या हाती अस्वलाऐवजी त्याचा कान येतो.

८/ यावरचा उपाय म्हणजे बिनशिवणीचे तंत्र. आधी दोन्ही पाय विणायचे. दोरा न तोडता दोघांच्या कडांवरून एकच फेरी फिरवायची. तेथून धड सुरू होते. खांद्याशी आल्यावर हाताची चपटी कड धडाला लावून दोहोंतून एकत्र टाके घालायचे. मान निमुळती करून त्याच दोऱ्याने डोके वाढवायचे. कानही तसेच अडकवायचे. शेवटचे भोक मिटले की खेळणे तयार. एकही जोड शिवावा लागत नाही.

९/ आयर्लंडमध्ये तुकडे वेगळे करून काम वाटले गेले. येथे तुकडे एकत्र आणून वेळ वाचवला जातो. पण वाचलेला वेळ कोणाचा? खेळणे स्वतःच्या मुलासाठी असेल, तर विणणारीचा. विकायचे असेल आणि भाव नगावर ठरत असेल, तर गिऱ्हाईक लगेच म्हणते, 'आता लवकर होते ना, मग स्वस्त द्या.'

१०/ नगावर मजुरी म्हणजे काय, हे कामठीला कोणी शिकवायला नको. येथे पिढ्यान्‌पिढ्या तेंदूच्या पानांत तंबाखू वळला गेला, तोही हजार बिड्यांच्या हिशोबाने. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी बिडी कामगारांना संघटित केले आणि शोषण टाळण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडीकाम सुरू केले.

११/ १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही 'कामगार' म्हटले. कारखानदारांनी आव्हान दिले; १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. क्रोशा विणणाऱ्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. घरबसल्या कामासंबंधीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

१२/ उंबरठ्याच्या आत बसून केलेले काम हे कामच असते, हे बिडीच्या बाबतीत मान्य व्हायला संघटना लागली, कायदा लागला, न्यायालयही लागले. क्रोशाचा तो प्रवास अजून व्हायचा आहे. तोवर एवढे तरी आपल्या हाती आहे: पुढच्या वेळी असे अस्वल घेताना भाव करण्याआधी विचारा, 'याला किती तास लागले?'

थ्रेड समाप्त. तुमच्या घरी क्रोशाचे जुने तोरण वा रुमाल असेल, तर तो कोणी विणला, हे वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहून ठेवा. 🙏