ताऱ्यांची साक्ष आणि पुण्याची दुर्बीण

थळच्या किनाऱ्यावर काळोख पडला म्हणजे समोरच्या समुद्रांत खांदेरीच्या दीपगृहाचा प्रकाश दिसूं लागतो. तो ओळखण्यासाठीं कोळी बांधवांस बेटावर जावें लागत नाहीं. दिव्याच्या उघडझापेवरूनच ही खांदेरी हें त्यांस कळतें. प्रकाश आपली ओळख आपल्याबरोबर घेऊन येतो. मग ताऱ्यांचा प्रकाशहि कांहीं सांगत असेल काय? १८३५ मध्यें ऑग्यूस्त कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें ठासून सांगितलें कीं, तारे कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हें मनुष्यास कधींहि कळणार नाहीं. पंचवीस वर्षांच्या आंतच तें खोटें ठरलें. ह्या विद्येच्या इतिहासांत आपल्या पुण्याचाहि एक लहानसा, पण मानाचा भाग आहे. तोच आज सांगावयाचा आहे.

चुलींतील ज्वाळेवर मिठाची चिमूट टाकून पाहा. ज्वाळा पिवळी धमक होते. तो रंग मिठांतील सोडियम धातूचा. तोच उजेड लोलकांतून नीट पाहिला तर अगदीं लगतच्या दोन बारीक पिवळ्या रेषा दिसतात, आणि त्यांची जागा कधीं चुकत नाहीं. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठराविक रेषा असतात. १८१४ मध्यें फ्राउनहोफर यानें सूर्याच्या सप्तरंगी पट्ट्यांत शेंकडों काळ्या रेषा पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ १८५९ मध्यें हायडेलबर्ग येथें किर्खहॉफ व बुन्सेन यांनीं लावला. तापलेला वायु ज्या रेषा उजळतो, त्याच रेषा तो मागून येणाऱ्या अधिक तप्त प्रकाशांतून शोषूनहि घेतो. सूर्याच्या वर्णपटांत सोडियमच्या जागीं काळ्या रेषा आहेत. अर्थात् सूर्याभोंवतीं सोडियमची वाफ आहे!

आतां पुण्यास येऊं. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचें साहाय्य यांच्या बळावर १८८८ मध्यें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत एक वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला. मृगनक्षत्रांतील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक धूसर ठिपका दिसतो. तो एक विशाल तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटांतील ठळक हिरवी रेषा कोणत्याहि ज्ञात द्रव्याशीं जुळत नव्हती. इंग्लंडांतील नामांकित ज्योतिषी नॉर्मन लॉकियर यांच्या मतें ती मॅग्नेशियमची खूण होती, आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळून तापलेल्या उल्कांचे थवे. तसें असतें तर ती रेषा एका बाजूस पुसट होत गेली पाहिजे होती. हगिन्स पतिपत्नींनीं इंग्लंडांत ह्या मतास हरकत घेतलीच होती. १८९१ मध्यें नायगमवालांनींहि पुण्यांतील आपले वेध प्रसिद्ध केले: रेषा अरुंद आहे, आणि दोन्ही बाजूंनीं सारखीच रेखीव आहे. मत कितीहि थोराचें असो, रेषेची साक्ष त्याच्या विरुद्ध गेली.

मग ती रेषा कशाची? ह्याचें उत्तर तापमानांत दडलें होतें. लोहाराच्या भट्टींत लोखंड प्रथम तांबडें, मग पिवळें, शेवटीं पांढरें होतें. ताऱ्यांचेंहि तसेंच. मृगांतील तांबूस काक्षीच्या पृष्ठभागाचें तापमान केल्विन मानानें सुमारें ३,५००, आपल्या सूर्याचें ५,८००, आणि निळसर राजन्याचें १२,००० अंश. १९२० मध्यें मेघनाद साहा यांनीं दाखविलें कीं, तापमान वाढलें म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या रेषा पालटतात. म्हणून एखादी रेषा दिसली नाहीं, एवढ्यानें तें द्रव्य तेथें नाहीं असें होत नाहीं. हा धागा धरूनच १९२५ मध्यें सिसिलिया पेन यांस ताऱ्यांत हायड्रोजनचें अपार प्राबल्य आढळलें. १९२७ मध्यें बोवेन यानें त्या हिरव्या रेषेचेंहि कोडें सोडविलें. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. ऑक्सिजनची अशी अवस्था करणारे जवळचे तारे अतिशय तप्त असले पाहिजेत. एकाच रेषेनें द्रव्य आणि तापमान ह्या दोहोंची साक्ष दिली.

२२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणांतून देशावर गेली. थळास तें खंडग्रासच होतें. लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यांत उतरले होते. नायगमवालांनीं आपलीं यंत्रें सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें मांडलीं होतीं. विजयदुर्गावरूनच लॉकियरांनीं हेलियम शोधला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. परंतु १८६८ च्या ज्या ग्रहणाशीं तो शोध जोडला जातो, त्या वेळीं ते इंग्लंडांत होते. आणि ते विजयदुर्गास आले त्याच्या तीन वर्षें आधींच, १८९५ मध्यें, रॅम्से यांस पृथ्वीवरहि हेलियम सांपडला होता.

१९१२ मध्यें नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिचीं यंत्रें कोडाईकनालास गेलीं. विजयदुर्गावरील साहेबाचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें. पुण्याच्या दुर्बिणीचें राहिलें नाहीं.

श्रोतेहो, हिंवाळ्यांतील एखाद्या निरभ्र रात्रीं थळच्या वाळूवर उभे राहून मृगाच्या बाणाखालचा तो धूसर ठिपका अवश्य पाहा. त्याचा जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, तो बदामीच्या चालुक्यांचें राज्य असतांना, सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं निघाला. आपण कोठून आलों, कशाचे बनलों, किती तापलों, हें सारें तो बरोबर घेऊन येतो. पुण्यांतील एका अध्यापकानें ती साक्ष निर्भीडपणें लिहून ठेवली, एवढें त्या वेळीं आपण आठवावें.