अर्ध्या इंचाचा बोल्ट

परदेशातून आलेल्या एका जुन्या पंपावर मी एकदा अर्ध्या इंचाचा नट चढवत होतो. तो दोन-तीन फेरे सरळ गेला आणि अडला. गंज असेल असे समजून मी पान्याने जोर लावला. आटे गेले, आणि पंप पंधरा दिवस बंद राहिला. नंतर मोजले तर बोल्टवर इंचाला 13 आटे होते, नटात 12.

या एका आट्याच्या फरकामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये ज्या कारखान्याचा बोल्ट, त्याच कारखान्याचा नट लागे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेऊन सरासरी काढली आणि 1841 साली एकच पद्धत सुचवली. तिच्यातील 55 अंशांचा कोन कोणत्याही सिद्धांतातून आलेला नाही, तो निव्वळ सरासरीचा आहे! अर्ध्या इंचाला 12 आटे ठरले. पुढे फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये 60 अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. व्हिटवर्थचा गोल माथा साध्या कारखान्यात करणे कठीण, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. त्यांनी अर्ध्या इंचाला 13 आटे घेतले.

हे दोन्ही आटे जाडच. बिडासारख्या ठिसूळ धातूत बारीक आटे चटकन तुटतात, त्यामुळे तिथे जाडच योग्य. पण मोटारगाडी आली आणि थरथरीने नट सैल होऊ लागले. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळून वर्गात हे दाखवता येईल. उतार जितका कमी, तितका नट आपोआप मागे फिरणे अवघड. म्हणून ब्रिटनने 1908 मध्ये बारीक आट्यांची मालिका काढली (अर्ध्या इंचाला 16). अमेरिकन मोटार कारखानदार 20 वर गेले. बारीक आट्याची खाच उथळ असल्याने मधला गाभा जाड राहतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टमध्ये 13 ऐवजी 20 आटे घेतले, तर ताण पेलणारे क्षेत्रफळ सुमारे 13 टक्क्यांनी वाढते. मात्र असा नट तिरका चढण्याचा धोका अधिक, आणि चढवायला फेरेही जास्त.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन विमान-इंजिने बनवली, तीही ब्रिटिश आट्यांसह. त्यासाठी आटे पाडण्याची हत्यारे तिला स्वतःच तयार करावी लागली. ही अडचण अनुभवल्यावर 18 नोव्हेंबर 1948 रोजी अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी समाईक आटा मान्य केला. कोन 60 अंशांचा. जाड व बारीक या दोन्ही मालिका कायम.

आपल्याकडे मेट्रिक पद्धत आली, तरी दुकानात अजून ‘चार सूत’ बोल्ट मागितला जातो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, पण आटे किती हे त्यातून कळत नाही. अशा वेळी जुना व नवा बोल्ट आट्यात आटा घालून शेजारी धरावेत आणि उजेडाकडे पाहावे. फटीतून प्रकाश दिसला, तर पाना हातात घेऊ नये.