गोदातीरीचे दस्तुरखुद्द

मोठ्या निश्चयाने आरंभिलेली रोजनिशी मकरसंक्रांतीपर्यंत टिकली तरी पुष्कळ, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव असल्यामुळे, नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या ज्या नामावळींत एकेका कुळाने पिढ्यान्‌पिढ्या आपला वृत्तान्त नोंदविला आहे, त्यांविषयी त्यास आदर वाटतो आणि किंचित असूयाही.

या प्रथेचे मूळ श्राद्धविधीत आहे. १६९६ साली बांधलेल्या रामकुंडावर पिंडदानास बसणाऱ्या यजमानास पिता, पितामह, प्रपितामह, तशाच माता, पितामही, प्रपितामही, आणि शिवाय मातामहाकडील तीन पिढ्या नामगोत्रासह उच्चाराव्या लागतात. आणि घरी मुखोद्गत असलेली नावे ओल्या वस्त्रानिशी ऐन संकल्पाच्या वेळी आठवतीलच अशी शाश्वती नसते. म्हणून उपाध्याय आधी गाव विचारतो, मग आडनाव, आणि दफ्तरातून नेमकी वही काढून पणजोबाचे पान समोर ठेवतो. त्या पानावर शके, तिथी, भावांची व पुत्रांची नावे, येण्याचे निमित्त, आणि शेवटी, आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने यांसच मानावे, अशा आशयाचा करार असतो. हा करार निव्वळ श्रद्धेचा नव्हे. यजमानकृत्य हे वतनासारखे वारशाने चालणारे, भाऊबंदांत वाटले जाणारे उत्पन्न, आणि तंटा उपस्थित झाल्यास हा लेखच पुरावा. वह्यांची निगा भक्तीपेक्षा या हक्कानेच अधिक राखली, असे म्हटल्यास उपाध्यायमंडळींनी रागावू नये.

लिहिता येणारा दस्तुरखुद्द लिही. अक्षरशत्रू असे तो सांगे आणि उपाध्याय लिही. ज्या काळी निरक्षर पाटील कागदावर नांगराची निशाणी करून मोकळा होई, त्या काळी बोलून लिहविण्यात कोणास कमीपणा वाटत नसे. गणेश चिमणाजी वाड यांनी वेचे काढून प्रसिद्धीस आणलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्यांत दिवसादिवसाचा सरकारी हिशेब आणि हुकूम सापडतात. रोज लिहिणारे तेथे कारकून होते, पगारी होते. येथे मात्र रोजचा हट्ट नाही. कधी सिंहस्थाच्या निमित्ताने बारा वर्षांनी, कधी बापाच्या अस्थी घेऊन, माणूस येतो तेव्हाच चार ओळी पडतात, आणि त्या पाडून घेणारा दुसराच कोणी घाटावर वाट पाहत असतो.

शाळांतून मोडी गेल्यापासून पणतूस पणजोबाचे अक्षर लागत नाही. उपाध्याय ते मोठ्याने वाचतो, पणतू ऐकतो, आणि मग त्याच मजकुराखाली बाळबोधीत, बॉलपेनने, मोबाइलच्या क्रमांकासह आपले नाव लिहितो.