तीस वैशाख : वैध दिनांकाची हद्द कोण ठरवते?

एका धनादेशावर ‘३० वैशाख १९४७’ असा दिनांक लिहिला आहे. तो संगणकात भरताना महिन्याच्या रकान्यात २ हा आकडा पडतो आणि आज्ञावली नोंद नाकारते, कारण फेब्रुवारीत तीस तारीख नसते. वस्तुतः दिनांक निर्दोष आहे. भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत दुसरा महिना वैशाख असून तो ३१ दिवसांचा असतो. ३० वैशाख शके १९४७ म्हणजे २० मे २०२५.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार दिनांक घातलेला हिंदी धनादेश बँकांनी स्वीकारावा, आणि त्याची मुदत उलटली आहे काय हे पाहण्यासाठी समतुल्य ग्रेगोरियन दिनांक काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत तीन महिन्यांची आहे. आकडा चुकीच्या पंचांगातून वाचला, तर कालचा धनादेश अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचा ठरतो.

या दिनदर्शिकेमागे एक भौतिकशास्त्रज्ञ उभा आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मेघनाद साहा यांच्याकडे दिले. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे साहा समीकरण ते हेच. निर्मलचंद्र लाहिरी सचिव होते, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे सदस्य. देशात त्या वेळी सुमारे तीस निरनिराळी पंचांगे प्रचलित होती. सूर्यसिद्धान्ताचे वर्ष सांपातिक वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे. चौदाशे वर्षांत ही चूक साचून तेवीस दिवसांची झाली. उत्तरायण खरे पाहता २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि मकरसंक्रांत आपण १४ जानेवारीला साजरी करतो, त्याचे मूळ येथे आहे.

समितीने वर्षारंभ वसंतसंपातानंतरच्या दिवशी, २२ मार्चला, आणला. महिन्यांची लांबी ठरवताना तिने केलेली योजना मला आजही सुंदर वाटते. पृथ्वी जुलैच्या प्रारंभी सूर्यापासून सर्वांत दूर असते व त्या काळात संथ चालते. म्हणून वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंतचा काळ सुमारे १८६ दिवसांचा, तर उरलेला अर्धा सुमारे १७९ दिवसांचा. त्यानुसार वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे झाले. चैत्राला एरवी ३० दिवस, प्लुतवर्षी ३१. केप्लरचा दुसरा नियम असा थेट महिन्यांच्या लांबीत उतरला आहे. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांना असे खगोलीय समर्थन नाही.

अहवाल १९५५ मध्ये आला. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी साहांचे निधन झाले. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून दिनदर्शिका अमलात आली, तेव्हा ते नव्हते.

(महाराष्ट्रात एक घोटाळा हमखास होतो. गुढीपाडव्याला सुरू होणारे शालिवाहन शक आणि हे ‘भारतीय सौर’ वर्ष यांचा आकडा एकच, महिन्यांची नावेही तीच. परंतु पहिले चांद्रसौर आहे, दुसरे निव्वळ सौर.)

आता पुन्हा संगणकाकडे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील जुना दिनांक-प्रकार १ जानेवारी १७५३ पूर्वीचे काही स्वीकारत नाही, कारण ब्रिटनने १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आणली होती. लंडनच्या कालगणनेतील अकरा दिवसांची फट अशा रीतीने साऱ्या जगाच्या विदागारांची किमान मर्यादा झाली. परंतु शके १८७९ किंवा १९४७ हे आकडे या मर्यादेत निमूट बसतात, आणि खरा धोका तेथेच आहे. ३० वैशाख अडकला तर कोणी तरी चौकशी करील. २० वैशाख १९४७ मात्र २० फेब्रुवारी १९४७ म्हणून बिनबोभाट आत जाईल. स्वतंत्र भारताच्या १८७९ शकातील राजपत्राची नोंद व्हिक्टोरिया राणीच्या काळात जाऊन बसेल. मर्यादेची तपासणी आकडा शक्य आहे की नाही एवढेच सांगते. तो कोणत्या पंचांगातला आहे, हे नोंदीतच लिहिलेले नसेल, तर ती काय करणार?

केवळ ७८ मिळवूनही भागत नाही. ३१ डिसेंबर २०२५ म्हणजे १० पौष शके १९४७. दुसऱ्या दिवशी ११ पौष, शक तेच, पण इसवी सन २०२६. अर्थात १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. चैत्राचा एकतिसावा दिवस वैध आहे की नाही, हे ठरवताना मात्र ७८ मिळवून येणारे वर्ष प्लुत आहे का ते पाहायचे : ३१ चैत्र १९४६ आहे, ३१ चैत्र १९४७ नाही.

एवढ्याच नियमांवर हे सारे चालते. दहा-बारा ओळींत ते लिहून होतात. युनिकोडच्या आयसीयू संग्रहात ते आहेत. जावा भाषेच्या मूळ दिनांक-संचात थाई बौद्ध, जपानी, तैवानी आणि हिजरी कालगणना मिळतात. आपली मिळत नाही.