खाणभूमीवरील अपृष्ठवंशी प्राण्यांचे पुनरागमन

खनिज काढून झाल्यावर माती पसरून पुन्हा वनस्पती लावलेल्या जमिनीवर कीटक, कोळी आदी अपृष्ठवंशी प्राण्यांची क्रमाक्रमाने होणारी वस्ती. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा नावाच्या निलगिरीवर्गीय वृक्षांच्या वनांत, जेथे १९६३ पासून बॉक्साइटचे खाणकाम चालले, तेथील मुंग्यांचा जोनाथन मेजर यांनी केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. उघड्या, तापलेल्या जमिनीला सरावलेल्या जाती प्रथम येतात. पालापाचोळा साचून सावली धरल्यावरच वनवासी जाती दाखल होतात. बाभूळवर्गीय बीच्या टोकाशी असलेल्या स्निग्ध गाठीच्या लोभाने मुंगी ते बी वारुळात ओढून नेते, गाठ कुरतडते आणि बी तसेच टाकून देते. अनुकूल काळी ते रुजते. म्हणजे झाडांची पुढची पिढी अंशतः या प्राण्यांवरही अवलंबून असते; सबब केवळ झाडे मोजून जमीन सुधारल्याचा दाखला देणे हा निव्वळ कागदी कारभार होय. कुजक्या ओंडक्यांवर जगणारी वाळवी मात्र, ओंडकेच नसल्याने, बरीच मागाहून येते.