सांगणे आणि विचारणे

कर्करोग रोग्याला सांगावा काय? १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातील ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली अमेरिकेतच पुन्हा विचारले, तो ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. पण सांगणे निराळे, विचारणे निराळे. प्रॉस्टेट ग्रंथीपुरत्या कर्करोगाविषयी ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ साली आला. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा नुसती देखरेख, काहीही केले तरी दहा वर्षांत त्या रोगाने दगावणारे शंभरात सुमारे एक. शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा व कामशक्ती जाण्याचे भय अधिक, किरणोपचाराने आतड्यांचा त्रास. देखरेखीत रोग पसरण्याचा संभव दुपटीने. यांतले काय पत्करावे, हे रोग्यावाचून कोण ठरवणार? म्हणून माहिती देणे हा डॉक्टरांचा उपकार नव्हे, उपचाराचाच आरंभ होय, असे आम्ही मानतो.